भिंतीला टेकलेली जोडी

"मग किंमत जास्त झाली म्हणता की कमी?"

निवासने पुन्हा विचारलं. बुवा रंधा मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पांचाळबुवा वाईच्या अलीकडे, कालव्याकाठच्या शेडमध्ये स्पीकर बनवत. त्यांच्या स्पीकरला खोकं नसे. एक रुंद फळी, तिला गोल भोक, त्यात कागदी पडद्याचा स्पीकर, आणि मागची बाजू सगळी उघडी. आवाज पुढे जाई तेवढाच मागेही जाई. निवास त्यांच्याच हाताखाली शिकला. मग त्याने वेगळं दुकान थाटलं, आणि तेव्हापासून त्याचे पाय काही जमिनीला लागत नव्हते.

आज तो नवी जोडी घेऊन आला होता. फणसाची अखंड फळी, वर जवसाच्या तेलाचे हात, पितळी स्क्रू. किंमत पंच्याऐंशी हजार. जोडीवर त्याला बुवांचा शिक्का हवा होता. शिक्का उमटला की पुण्याचं गिऱ्हाईक लाखालाही नाही म्हणणार नाही, असं त्याचं गणित. ते त्याने बुवांना सांगितलंसुद्धा. यात काही लाजण्यासारखं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

बुवांनी रंधा ठेवला. फळीवरून हात फिरवला, कडेला नाक लावून वास घेतला.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले.

निवासला वाटलं, जिंकलं.

मग बुवांनी दोन्ही स्पीकर उचलून पार भिंतीला टेकवले, निवासला समोर पाटावर बसवलं आणि एक भजन लावलं.

गाणाऱ्याचा आवाज घशात अडकल्यासारखा येऊ लागला. पेटी आणि पखवाज एकमेकांत कालवल्यासारखे झाले. धड दोन ओळी झाल्या नसतील, तोच निवास उठला.

"बुवा, असे नाही ठेवायचे. मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतोय. दोन-तीन हात तरी पुढे हवेत."

"लगेच कळलं तुला."

"न कळायला काय झालं? तुम्हीच तर शिकवलंत."

"हं..."

बुवांनी भजन बंद केलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, की शिराळकरबाईंनी जोडी कुठे ठेवली आहे.

निवासचा चेहरा उतरला. शिराळकरबाई म्हणजे गावातल्या निवृत्त शिक्षिका, बुवांच्या भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या. दिवाळीत त्यांनी निवासकडून जोडी घेतली होती. त्यांची खोली चिंचोळी. पलंग आणि कपाट सोडलं तर जागा उरायची ती भिंतीलगतच. निवासने ती खोली आधी पाहिली होती. आपली जोडी इथे वाजणार नाही, हे त्याला उंबऱ्यातच कळलं होतं. पण गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून त्याने तोंड उघडलं नाही.

"भिंतीला टेकून," तो म्हणाला.

"बाईंनी तक्रार केली?"

"केली. सूर नीट कळत नाहीत म्हणाल्या."

"तू काय सांगितलंस?"

"गिऱ्हाइकाला काहीतरी सांगावंच लागतं, बुवा."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं... जोडीत खोट नाही. वयाप्रमाणे कान कमी होतात."

कालव्यावर कुणीतरी धुणं आपटत होतं...

बुवांनी हळू आवाजात सांगितलं. बाईंनी मंडळात येणं सोडलं होतं. पेटी शाळेला देऊन टाकली होती. बायका बोलवायला गेल्या, तर म्हणाल्या, मला आता सूर कळत नाहीत, चारचौघांत चुकीचं वाजवण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. काल बुवा स्वतः जाऊन आले. बाईंनी चहा केला, आणि निवासचं कौतुक केलं. बाकी सगळे मन राखायला गोड बोलतात, त्या मुलाने तेवढं खरं सांगितलं, म्हणाल्या.

निवासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ते वाक्य बोलताना आपण हसलो होतो, आणि बाईंनीही हसून मान हलवली होती, हे त्याला आठवलं. बुवांकडे बघायची त्याची छाती होईना.

जोडी आजच परत आणतो, तो खाली बघत म्हणाला. पैसे सगळे देतो. वर बंद खोक्याचे लहान स्पीकर फुकट बसवून देतो, ते त्या खोलीत चांगले वाजतील. बोलता बोलता त्याचा आवाज जरा सावरला.

"आणि बाईंना काय सांगशील?"

"सांगेन, की... या वयात लहान स्पीकरच कानांना सोसतात."

बोलून झालं आणि त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. त्याची मान आणखी खाली गेली.

बुवांनी रंधा उचलला. पात्यात अडकलेला भुसा फुंकून काढला.

"पैसे मिळतील त्यांना," ते म्हणाले. "कान कधी परत देतोस?"