तिवातीचा दिवा आणि साळुंकीचा शब्द

एका राज्यात, सात डोंगरांपलीकडे, मकरंदसेन राजा राज्य करी. त्याची कन्या केतकी. तिचा प्राण एका तिवातीच्या, म्हणजे तीन वातींच्या दिव्यात होता आणि दिवा डोंगरातल्या पोलादी दाराआड. दार एका शब्दाने उघडे. राजाने शब्द ठेवला होता ‘नीलमेघ’. लाडक्या घोड्याचे नाव.

द्वारपाल धोंडजी म्हणाला, “शब्द बदला, महाराज. रोज सकाळी नदीकाठी हेच नाव घेऊन ओरडता.”

“म्हाताऱ्या, तुझी कटकट संपायची नाही,” राजा हसला.

कपाली नावाच्या दुष्ट मांत्रिकाने ते नाव नदीकाठी ऐकले. राजाचे रूप घेऊन दाराशी आला, शब्द बोलला, एक वात काढून गेला. एका खेपेला एकच वात त्याला पेलवे. केतकी गुडघ्यापर्यंत दगड झाली.

धोंडजीने मान खाली घातली. “तोंड तुमचे, शब्द तुमचा. फसलो. पुन्हा फसणार नाही.”

त्याने दाराला तीन खुणा लावल्या. पहिली, नवा शब्द. दुसरी, राजाची अंगठी. तिसरी, साळुंकी. दारी कोणी आले की ती उडत खऱ्या राजाकडे जाई आणि कानात ताजा शब्द सांगे. तो एकदाच चाले.

“हा शब्द फक्त दाराशी बोलायचा, एरवी कुणाला सांगायचा नाही,” धोंडजीने बजावले. “मलासुद्धा नाही.”

कपालीने नवा शब्द राजाच्या स्वप्नातून चोरला. अंगठी स्नानाच्या वेळी घारीकरवी पळवली. मग तो राजाच्या रूपात दाराशी गेला. त्याच घटकेला साळुंकी राजाच्या खांद्यावर बसली. “दारी कोणी आहे. आजचा शब्द, ओली हळद.”

पाठोपाठ धोंडजी धापा टाकत आला. “महाराज, साळुंकीचा शब्द सांगा. दिवा विझतोय!”

“नाही.”

“ताईसाहेब कमरेपर्यंत दगड झाल्या!”

राजाचे ओठ उघडले. त्याने ते दाताखाली धरले. “नाही.”

“चाळीस वर्षं चाकरी केली. माझ्यावर विश्वास नाही?”

राजाच्या डोळ्यांत पाणी आले. “धोंडजीवर आहे. म्हणूनच नाही.”

तीनदा नकार मिळाला की मांत्रिकाचे सोंग गळते. समोर कपाली उभा. बोटात अंगठी, कमरेला जळती वात. शिपायांनी त्याला बांधले.

राजा वात आणि अंगठी घेऊन डोंगराकडे धावला. दारात खरा धोंडजी, आडवा भाला.

“शब्द?”

“अरे, मी आहे!”

“असाल. शब्द?”

राजाने शब्द सांगितला. अंगठी दाखवली. साळुंकी आली, कानात कुजबुजली. राजा म्हणाला, “जुने ताक.” दार उघडले. वात दिव्यात बसली, दगडाचे पाय पुन्हा माणसाचे झाले. केतकी आपल्या पायांनी डोंगर चढून आली आणि आधी धोंडजीच्या गळ्यात पडली.

“पुरे, पुरे,” तो म्हणाला. “भाला लागेल.”

त्या दिवसापासून राज्य सुखात नांदले आणि घोड्याचे नाव घोड्यापुरते राहिले.