बिनपाटाचे बारसे

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राज्याचे नाव आता कुणाच्या लक्षात नाही आणि एका अर्थी ते बरेच झाले, कारण तिथल्या कारभाऱ्यांनी जे करून ठेवले ते ऐकले की अजूनही डोके फिरते.

त्या राज्यात लागोपाठ दोन वर्षे पाऊस पडला नाही. विहिरी आटल्या, गुरे लांबच्या छावणीत गेली, रानात जाळायला काटकीसुद्धा उरली नाही. राजा मात्र भला होता. माझ्या राज्यात कुणी उपाशी राहता कामा नये, असे म्हणून त्याने राजधानीत तीन कोठारे उघडली. पूर्वेच्या वेशीवर ज्वारीचे, पश्चिमेच्या वेशीवर डाळ-मिठाचे आणि दक्षिणेच्या वेशीवर सरपणाचे. प्रत्येकावर एकेक कारभारी नेमला. कारभारीही काही चोर नव्हते. एक दाणा इकडचा तिकडे होत नव्हता.

इथवर सगळे ठीक. आता पुढचे ऐका.

राजज्योतिष्याने सांगितले, दानाला सोमवार सगळ्यांत चांगला. झाले. तिन्ही कारभाऱ्यांनी सोमवारच धरला, तोही उजाडल्यापासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत. एका वेशीवरची रांग संपवून माणूस दुसऱ्या वेशीवर पोचेतो तिथले दार बंद. तुम्ही मंगळवार घ्या म्हटले, तर प्रत्येकाला तो आपला अपमान वाटे. त्यातून नियम असा, की ज्या घरचा वाटा त्याच घरच्या माणसाने येऊन न्यायचा. शेजाऱ्याच्या हाती द्यायचा नाही. आणि धडधाकट माणसे तर बहुतेक सगळी तलाव खोदायला परगावी गेलेली.

मग लोक काय करणार? सगळे धावत ज्वारीकडे. डाळ पडून राही, लाकडे पडून राहत. डाळीच्या कारभाऱ्याने राजाला कळवले, लोकांना डाळीची गरज दिसत नाही. सरपणाच्या कारभाऱ्यानेही तेच कळवले. लोक घरी कच्ची ज्वारी चावत होते आणि दरबारात त्यांचे बरे चालल्याच्या बातम्या पोचत होत्या. सांगताना चीड येते, पण गोष्ट अशीच आहे.

राजाला कुणकुण लागली, तेव्हा त्याने तिघांना बोलावले. एकत्र बसा आणि वार वाटून घ्या, म्हणाला. तिघे आले, पण दारातच अडले. आधी आत जाणाऱ्याचा मान मोठा की मागून येणाऱ्याचा, हेच ठरेना. कसेबसे आत आले, तर गंध आधी कुणाला लावायचे यावर संध्याकाळ झाली. राजाने कपाळाला हात लावला आणि तिघांना घरी पाठवले. वाराचा विषय निघालाच नाही.

त्या राजधानीत एक म्हातारी होती. मुलगा तलाव खोदायला गेलेला. घरात नुकतीच बाळंत झालेली सून आणि तिचे तान्हे मूल. सुनेला उठवत नव्हते, म्हणून म्हातारी एकटीच जाई आणि ज्वारी घेऊन येई. ज्वारी होती, पण चूल पेटवायला लाकूड नव्हते. म्हातारीने आधी मुसळ जाळले, मग घरातले पाट, मग दाराची फळी. एवढे करून बिनमिठाची नुसती पेज सुनेच्या घशाखाली उतरेना. तिचे दूध आटत चालले. मूल सुरुवातीला रडून घर डोक्यावर घेत असे. दहाव्या दिवशी त्याचा आवाज बसला. अकराव्या दिवशी घरात जाळण्याजोगी एकच वस्तू उरली, ती म्हणजे त्याचा पाळणा.

म्हातारी बराच वेळ त्या पाळण्याकडे बघत बसली. मग उठली, दिवसभर पायपीट करून तिन्ही वेशींवर गेली आणि तिन्ही कारभाऱ्यांना दुसऱ्या दिवशीच्या बारशाचे आमंत्रण देऊन आली.

बारशाचे आमंत्रण कुणी मोडायचे नाही, असा त्या राज्यात कडक रिवाज होता. बाकीचे दोघे येणार का, असे प्रत्येकाने विचारले. येणार, असे तिने खरे तेच सांगितले. मग काय, दुसऱ्याच्या आधी पोचायचे म्हणून प्रत्येक जण उजाडताच निघाला आणि तिघेही एकाच वेळी तिच्या दाराशी येऊन थडकले. दार लावलेले असते तर तिथेच दुपार झाली असती. पण दाराला फळीच नव्हती, तेव्हा तिघे रेटारेटी करत आत शिरले.

ज्वारीच्या कारभाऱ्याने घरभर नजर फिरवली.

"आजी, बसायला पाट कुठे आहेत?"

"जाळले, सरकार. तुमचीच ज्वारी शिजवायला."

तिघांना मुकाट्याने जमिनीवर बसावे लागले. म्हातारीने तिघांपुढे ताटल्या ठेवल्या. प्रत्येक ताटलीत मूठभर कच्ची ज्वारी. डाळीचा कारभारी भडकला. घरी बोलावून आमची थट्टा करतेस काय, हे खायचे कसे, म्हणून त्याने ताटली सरकवली.

"आम्ही कसं खातो ते कुणी विचारलं नाही, सरकार," म्हातारी म्हणाली. "डाळ-मीठ तुमच्याकडं, सरपण यांच्याकडं, आणि मला पाय दोनच. आज संध्याकाळी हा पाळणा चुलीत जाईल. म्हटलं, त्याआधी बारसं उरकून घ्यावं. उद्या नाव ठेवायला पोर असेल-नसेल."

तेवढ्यात पाळण्यातल्या मुलाने रडायला तोंड उघडले. तोंड चांगले मोठे उघडले, पण आवाज आला नाही. तिघांनी ते पाहिले आणि तिघांनाही मनापासून लाज वाटली.

"माझा सोमवार मी सोडतो," सरपणाचा कारभारी खाली मान घालून म्हणाला.

आता तरी प्रश्न सुटायला हवा होता ना? नाही. डाळीचा कारभारी म्हणाला, मी वयाने वडील आहे, तेव्हा आधी मी सोडणार. ज्वारीचा म्हणाला, माझे कोठार सगळ्यांत मोठे, तेव्हा सोडण्याचा पहिला मान माझा. आणि तिघे पुन्हा जुंपले. अशा माणसांपुढे कुणी काय करावे?

म्हातारीने मात्र त्यांना बोट दाखवून बाहेरची वाट दाखवली.

"भांडायचं तर अंगणात भांडा. पण आधी कुणीतरी दोन लाकडं आणि पसाभर डाळ पाठवून द्या."

दुपारच्या आत तिच्या चुलीवर डाळ शिजत होती. सोमवार आधी कुणी सोडायचा हे शेवटपर्यंत ठरलेच नाही, तेव्हा तो कुणीच सोडला नाही; त्याऐवजी पुढच्या सोमवारी तिन्ही कोठारे शहराच्या मधोमध एका आवारात आली. एकदा आलेला माणूस ज्वारी, डाळ, मीठ आणि सरपण सगळे घेऊन घरी जाऊ लागला आणि ज्याला चालवत नव्हते त्याचा वाटा शेजारी नेऊ लागला. यासाठी राजाला एक मूठही जास्त धान्य लागले नाही. होते तेच पुरले. सुनेला दूध आले आणि मूल वाचले.

पण त्याच गल्लीत त्या वर्षी आणखी चार घरी पाळणे हलले होते. ते चारही पाळणे बारशाच्या आधीच चुलीत गेले, कारण त्यांत निजवायला कुणी उरले नव्हते. तेव्हाही कोठारांत डाळ होती आणि लाकडांचे ढीग होते.

तात्पर्य: देणारे एकमेकांशी बोलत नसतील, तर भरल्या कोठारांच्या गावातही माणूस उपाशी मरतो.