मागचा तंबोरा

“सूर चुकला का माझा, बाई? तेवढं सांगा, मी जाते.”

“नाही चुकला.”

“मग सकाळपासून माझ्याशी बोलत का नाही?”

बाई अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. कातरत राहिल्या.

मिरजेच्या त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. कृष्णाबाई बेडगकर, त्यांची शिष्या शालन आणि मी, बाईंचा पेटीवाला. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी माझी पेटी न्यायला आलो होतो. ती उचलून गुपचूप निघून जाण्याइतकं शहाणपण माझ्या अंगात कधीच नव्हतं.

आदल्या संध्याकाळी गावातल्या एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात बाईंची बैठक होती. सगळी जाणकार मंडळी, गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. बाई वरच्या सा वर चढल्या आणि आवाज खालीच राहिला.

हे अलीकडं होत होतं. ती जागा आली की मी भाता जोरात हाणायचो, तबलजी दणकून थाप मारायचा, वेळ निभायची. वयाला एवढं तर द्यावंच लागतं.

शालन मागं तंबोऱ्यावर होती. मागं बसणारीनं कधी गायचं? गाणारीनं मान कलती केली तरच. बाईंनी मान कलती केली नव्हती. तरी पोरीनं वरचा सा लावला.

आणि काय लावला! भर दुपारच्या उन्हासारखा लख्ख. लावला तो लावला, वर धरून बसली. अख्खा दिवाणखाना ‘वाऽऽ’ म्हणून ओरडला आणि सगळ्यांच्या नजरा बाईंच्या खांद्यावरून पलीकडं गेल्या.

बाई थांबल्या. ख्याल अर्धवट टाकून त्यांनी सरळ भैरवी धरली. भैरवी झाली की बैठक संपली, त्यावर कुणी गात नाही. लोक गोंधळून चपला शोधायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता येत्या रविवारी त्याच दिवाणखान्यात शालनची स्वतःची पहिली बैठक ठरलेली. बाईंनी हो म्हटलं नाही तर त्यांचं नाव घेऊन गाता येणार नव्हतं. आणि बाईंचं नाव नसेल तर तिच्यासाठी मिरजेत सतरंजीसुद्धा कुणी अंथरली नसती. म्हणून बया सकाळीच येऊन बसली होती.

“मी तुम्हाला सावरलं, बाई.”

“सावरलं म्हणे!” माझ्यानं राहवलं नाही. “अगं, पडणाऱ्याला हात देतात. त्याच्या डोक्यावर पाय देऊन वर चढत नाहीत!”

“मास्तर, तुम्ही गप्प बसा,” बाई म्हणाल्या. “किती दिवस माझ्या त्या जागेवर पेटी कोकलवताय. मला ऐकू येत नाही वाटतं?”

मी पेटीवरची धूळ पुसायला लागलो. दुसरं करणार काय?

“शालन.”

“जी.”

“सूर तुझा खरा होता. माझा खोटा होता. लोकांनी खऱ्याला दाद दिली.”

पोरीचा चेहरा उजळला. “मग रविवारी गाऊ?”

“गा.”

“तुमचं नाव घेऊन?”

“घे.”

…

इतकं सहज मिळेल असं तिला वाटलंच नव्हतं. तिनं वाकून पाय धरले. बाईंनी पाय मागं घेतले नाहीत, पण तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

“आणि तुमची पुढची बैठक, बाई?”

“काल भैरवी झाली ना.”

एवढी वर्षं ज्या गळ्यासाठी मी भाता हलवला, तो असा एका वाक्यात मिटला. पोरीला ते कळलं की नाही, देव जाणे. ती आपल्याच घाईत होती.

“मग माझ्या मागं तंबोऱ्यावर कुणाला घेऊ? जोशीणबाईंची सून बरी आहे. सुरात असते.”

“मी बसते.”

…

“तुम्ही? आणि माझ्या मागं? बाई, लोक काय म्हणतील?”

“लोकांचं मी बघते. मास्तर, तंबोरा काढा.”

मी गवसणी उतरवली. बाईंनी स्वतः तारा लावल्या. काय सांगू, गळा गेला होता, पण कान जसाच्या तसा होता. देवानं हे उलटं केलं असतं तर त्यांचं दुःख तरी कमी झालं असतं.

“बस पुढं. गा.”

शालन पुढं बसली, बाई तिच्या मागं, आणि मी पेटी घेऊन बाजूला. मला दोघी दिसत होत्या.

पोरीनं छान सुरुवात केली. खाली आवाज भरदार लागला. मग ती हळूहळू चढायला लागली आणि वरच्या सा च्या एक पायरी अलीकडं, निषादावर येऊन अडकली. पुन्हा खाली उतरली, पुन्हा चढली. मान ताठ झालेली, कपाळावर घाम. मागून नुसता तंबोरा वाजत होता.

तिसऱ्यांदा ती निषादावर आली तेव्हा बाईंनी श्वास घेतला.

बस्स, तेवढंच. सूर लावायच्या आधी गाणारा घेतो तसा, छाती भरून, पुढं ऐकू जाईल असा. गायल्या नाहीत.

शालनचा आवाज चिरकला.

माझा हात आपोआप भात्यावर जोर द्यायला गेला. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. हात जागच्या जागी राहिला.

…

शालननं मागं वळून पाहिलं. डोळे भरलेले.

“माझा गळा असा कधीच जात नाही हो, बाई… तुम्ही… रविवारी तुम्ही मधेच गाणार का?”

बाईंची बोटं तारांवरून फिरतच होती.

“पुढं बघ, बाळ. मागं मी आहे.”