बुटक्याच्या पांगुळगाड्याचं चाक

एक होती उंदरी. तिचं नाव चिमटी. तिला एक भाऊ. त्याचं नाव बुटक्या. बुटक्या एवढासा, पण त्याचं रडणं एवढं मोठं.

बुटक्या चालायला शिकत होता. पांगुळगाडा धरून. घुर्रर्र घुर्रर्र. एकदा काय झालं, गाडा दगडावर आपटला. कडाड. पुढचं चाक मोडलं. बुटक्या बुदुक्कन बसला. बसला तो बसलाच.

"चाक दे," तो म्हणाला. "नाहीतर मी चालणारच नाही. म्हातारा झालो तरी नाही."

चिमटी घाबरली. बुटक्या हट्टी होता. खरंच चालला नाही तर?

चिमटी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

परसात पत्र्याची शेड. शेडमध्ये आण्णाप्पाकाका आणि त्यांचं जुनं मिलिंग मशीन. हँडल फिरवलं की मशीन सरकतं, लोखंड कापतं, भोक पाडतं. घर्रर्र घर्रर्र. काकांना मशीनबद्दल सगळं ठाऊक. कुणी विचारो न विचारो, ते सांगायचेच.

"काका काका,
बुटक्याचं चाक मोडलं.
आता तुम्ही तरी करा ना."

"हात्तिच्या, एवढंच व्हय?" काका म्हणाले.

काकांनी पितळेची चकती लावली. हँडल फिरवलं. फेरे तोंडाने मोजले. तेवढ्यात घरातून काकूंनी विचारलं, "चहा टाकू का?" काका म्हणाले, "टाक की." आणि मोजणी विसरले. भोक पडलं ते पार कडेला. चाक चाललं ढबाक ढुबुक, ढबाक ढुबुक.

"तसं बरं झालंय," काका म्हणाले.

चिमटीने चाकाकडे बघितलं. काकांकडे बघितलं.

मग काका म्हणाले, "भोकाची जागा नेमकी कळाय पायजे. आधी मशीननं जागा सांगावी. मग मी चाक करीन."

चिमटी गेली मशीनकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"मशीन मशीन,
बुटक्याचं चाक मोडलं,
काका चाक करीना.
आता तू तरी कर ना."

मशीन फार जुनं. त्याच्या अंगावरचे आकडे कधीच पुसून गेले होते. ते म्हणालं, "मी कुठं उभं आहे, ते मलाच ठाऊक नाही. आधी डबीनं आकडा दाखवावा. मग मी जागा सांगीन."

डबी होती स्टुलाखाली, खोक्यात. आकडे दाखवणारी डबी. महागाची काकांना परवडली नाही, म्हणून स्वस्तातली आणली होती. आणून दोन दिवाळ्या झाल्या. डबी मशीनला कशी लावायची, याचे सगळे व्हिडिओ काकांनी पाहिले होते. लावायची तेवढी राहिली होती.

चिमटी गेली डबीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"डबी डबी,
बुटक्याचं चाक मोडलं,
काका चाक करीना,
मशीन जागा सांगीना.
आता तू तरी कर ना."

डबी खोक्यातूनच म्हणाली, "हळू बोल. मी नवी आहे. आधी पट्टीनं जागेवर बसावं. मग मी आकडा दाखवीन."

पट्टी होती कपाटावर. लांब, चकचकीत. मशीन किती सरकलं, ते पट्टीला कळतं. पट्टी ते डबीला सांगते. निदान सांगायचं तरी तसंच ठरलं होतं.

चिमटी गेली पट्टीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"पट्टी पट्टी,
बुटक्याचं चाक मोडलं,
काका चाक करीना,
मशीन जागा सांगीना,
डबी आकडा दाखवीना.
आता तू तरी कर ना."

पट्टीने नाक मुरडलं. "मी नाजूक आहे. कुठंही बसत नाही. आधी टेकूनं मला धरावं. मग मी जागेवर बसेन."

टेकू होता कोपऱ्यात. खरं तर तो लोखंडाचा नुसता ठोकळा होता. पण काका त्याला टेकू म्हणायचे, म्हणून तो फार फुगला होता.

चिमटी गेली टेकूकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"टेकू टेकू,
बुटक्याचं चाक मोडलं,
काका चाक करीना,
मशीन जागा सांगीना,
डबी आकडा दाखवीना,
पट्टी जागेवर बसेना.
आता तू तरी कर ना."

टेकूने जांभई दिली. "मला भोक कुठंय? भोक नाही तर स्क्रू नाही. आधी मशीननं मला नेमकं भोक पाडावं. मग मी पट्टी धरीन."

चिमटी मटकन खाली बसली.

टेकू थांबला मशीनसाठी. मशीन थांबलं डबीसाठी. डबी थांबली पट्टीसाठी. आणि पट्टी थांबली टेकूसाठी.

"वा," चिमटी म्हणाली. "छान जमलंय तुमचं. सगळे अगदी तयार. फक्त आधी दुसऱ्यानं."

"तेच तर मी दोन दिवाळ्या सांगतोय," काका म्हणाले.

लांबून बुटक्याचं रडणं ऐकू आलं. चिमटीला आता रागच आला. लोखंड तिला कुरतडता येत नव्हतं. पण लाकडाचा टेकू?

चिमटी गेली काकूंकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"काकू काकू,
बुटक्याचं चाक मोडलं,
काका चाक करीना,
मशीन जागा सांगीना,
डबी आकडा दाखवीना,
पट्टी जागेवर बसेना,
टेकू पट्टी धरीना.
मला लाकूड तरी द्या ना."

काकूंनी मोडक्या पोळपाटाचा पाय काढून दिला. "घे बाई. आणि त्यांस्नी सांग, चहा गार झाला."

चिमटीने दात लावले. कुरतुड कुरतुड. दात दुखले. कुरतुड कुरतुड. डोळ्यांत पाणी आलं. कुरतुड कुरतुड. एकदाचं भोक पडलं. गोल नाही, चांगलं लांबट.

"याला भोक म्हणतात होय?" ठोकळा म्हणाला.

काकांनी लाकूड मशीनला लावलं. लांबट भोकात स्क्रू घातला. पट्टी थोडी वर सरकवली, थोडी खाली सरकवली. ती सरळ झाली, तसा स्क्रू पिळला. गोल भोकात असं सरकवता आलं नसतं.

मग काय झालं?

नवा टेकू पट्टी धरू लागला.
पट्टी जागेवर बसली.
डबी आकडा दाखवू लागली.
मशीन जागा सांगू लागलं.
काका चाक करू लागले.

घर्रर्र घर्रर्र. भोक पडलं मधोमध.

"माझ्यामुळं," डबी म्हणाली.

"माझ्यामुळं," पट्टी म्हणाली.

"मी तर आधीच म्हणत होतो," काका म्हणाले.

चिमटी चाक घेऊन निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. तिने चाक गाड्याला बसवलं.

बुटक्याने चाक नीट पाहिलं. "हे पिवळं आहे," तो म्हणाला. "मला लाल पाहिजे."

चिमटीने गाडा त्याच्यापुढे ढकलला.

बुटक्या उठला. त्याने गाडा धरला. घुर्रर्र. एक पाऊल. घुर्रर्र. आणखी एक. मग त्याने गाडा सोडला. हात पुढे केले, आणि एकटाच डुलत डुलत आला चिमटीकडे.

चिमटीने त्याला घट्ट धरलं. तिला खूप आनंद झाला. तिचे दात अजून ठणकत होते, तरी ती हसली.

बुटक्या लागला चालायला,
गोष्ट लागली थांबायला.