मिटलेले काटे

खुळखुळ, खुळखुळ. फार पूर्वी एका रानात हा आवाज आला की पाखरंही गप्प होत. साळिंदरांच्या काट्यांचा आवाज होता तो. रानडुकरांनी बळकावलेल्या पाणवठ्यासाठी ते वर्षानुवर्षं लढले. साळिंदरांच्या म्होरक्याचा लेकही त्यात गेला.

शेवटी दोघंही थकले. पाणवठा कोणी राखायचा ते आता सगळ्या रानानं ठरवायचं, असं ठरलं. जो हवा, त्याच्यापुढे मोहाचं फूल ठेवायचं.

धुकट पहाटे मोहाच्या झाडाखाली पाणवठा राखू पाहणारे तिघं बसले: साळिंदरांचा म्हातारा म्होरक्या, एक रानडुक्कर आणि एक कासवीण. म्होरक्यापुढे फुलांचा ढीग झाला. लेकाची आठवण येऊन त्याचे डोळे भरले. तेवढ्यात फूल ठेवणाऱ्या सशाचा पाय त्याला थरथरताना दिसला.

"थंडी वाजते का रे?"

"नाही, आजोबा. तुमचे काटे उभे आहेत."

म्होरक्यानं वळून पाहिलं. इतक्या वर्षांची सवय, त्याला कळलंही नव्हतं. त्यानं काटे हळूहळू पाठीवर मिटले.

"आपापली फुलं उचला बाळांनो, आणि पुन्हा ठेवा."

"आजोबा, जिंकलेला डाव कशाला मोडता?" एक तरणा साळिंदर कुजबुजला.

सशानं आपलं फूल उचलून कासविणीपुढे ठेवलं. मग भीत भीत म्होरक्याच्या पाठीकडे पाहिलं. काटे मिटलेलेच होते. ससा सावकाश पावलं टाकत धुक्यात निघून गेला.