एका वडाच्या दोन शाळा

फार मागे, पोपट आणि साळुंक्यांची लढाई संपली त्या सालची ही गोष्ट. वड एकच, पण शाळा दोन. वरच्या फांदीवर पोपटांची पिल्लं ससाणा आल्याची हाळी शिकत, खालच्या फांदीवर साळुंक्यांची पिल्लं साप आल्याची. पलीकडची हाळी आली की पंखांत डोकं खुपसायचं, हा दोन्हीकडचा नियम.

एका सकाळी साळुंकीबाई तडक वर उडाल्या.

"गुरुजी, ससाण्याने माझी तीन पिल्लं नेली. हाळी का नाही दिलीत?"

"दिली की! तुम्हीच डोकी खुपसून बसलात," पोपटगुरुजी कडाडले. "आणि सापाने माझी अंडी गिळली तेव्हा?"

"घसा फुटेस्तोवर ओरडलो हो आम्ही!"

गुरुजी फांदीवरून सरकत बाईंच्या जवळ आले.

"उद्यापासून वर्ग एकत्र भरवू या?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"उद्या कशाला? आत्ताच!"

मग काय तो कल्ला! सगळी पिल्लं एकाच फांदीवर दाटीवाटीने बसून एकमेकांच्या हाळ्या घोकू लागली. दुपारी पोपटाचं एक पिल्लू ओरडलं, "चर्र! चर्र!"

"शाब्बास! अगदी आमच्यासारखी सापाची हाळी!" बाई हरखल्या.

"बाई, मी म्हणून नाही दाखवत," पिल्लू किंचाळलं. "उडा! तो तुमच्या मागेच आहे!"