सबंध धोंडसाची कहाणी

ऐका निवाईमाते, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, मोबाईल पालथे ठेवा. मागच्या ओळीतल्यांनो, भाजीचे भाव नंतर बोला.

आटपाट नगर होतं. तिथं राजा नव्हता, नगरपालिका होती. नगरात एक घर होतं. घरात सासू होती, दोन मुलगे होते, दोन सुना होत्या. थोरलीचं नाव द्वारका, धाकटीचं नाव वेणू. द्वारका शांत, वेणू तापट. मनानं वाईट नव्हती हो, कामाला वाघीण होती. पण बोलायच्या आधी तिला उकळी फुटे, आणि उकळी ओसरली की एकटीच रडत बसे.

एके दिवशी पाहुणे जेवायला बसले होते. द्वारका म्हणाली, "वेणू, आच कमी कर गं, पिठलं लागेल." एवढंच म्हणाली. वेणूला वाटलं, चारचौघांत माझी अक्कल काढली. तिनं पळी आपटली, म्हणाली, "तुमचं घर तुम्हांला लखलाभ!" मग नवऱ्याला घेतलं, लेकीला घेतलं, बोळापलीकडे खोली घेतली, वेगळी चूल मांडली. चूल तरी कसली! घरमालकानं बजावलं होतं, इथं धूर करायचा नाही, गॅस आणायचा नाही. मग विजेचा छोटा कुकर आणला. सकाळी त्यात भात, दुपारी त्यात वरण, रात्री त्यात खिचडी. आपलं राज्य झालं!

मग काय झालं? रागाचा जोर उतरला, आणि घास गोड लागेना. लेक उठता बसता म्हणे, "मोठ्या आईकडे जाऊ." वेणूला बाळंतपण आठवे. द्वारकेनं उशाशी बसून रात्री काढल्या होत्या, आणि एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. वेणूला परत जावंसं वाटे, फार वाटे. पण जाणार कशी?

त्या घरची एक रीत होती. वेगळी झालेली सून परत यायची, तर गौरीच्या जेवणाला तिनं आपल्या हातचं धोंडस घेऊन यायचं. जून काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची, आणि सगळं खालीवर आच देऊन भाजायचं, ते धोंडस. सबंध आणलं तर पाटावर बसायचं. मोडकं आणलं तर तुकडा पडला, सोक्षमोक्ष झाला, चूल जन्माची वेगळी. आणि सासू रीतीला पक्की होती. देव चुकेल, पण ती चुकायची नाही.

मग वेणूनं काकडी आणली. रवा भाजला, गूळ विरघळवला, डबा भरला. खालीवर आच द्यायला चूल नव्हती, म्हणून वाफेवर करायचं ठरवलं. कुकरात पाणी घातलं, कडी ठेवली, कडीवर डबा ठेवला. धोंडस शिजलं, वास सुटला. वेणूला दम कुठला? कढत डबा तसाच ताटावर पालथा मारला. अर्धं ताटात आलं, अर्धं डब्यातच राहिलं.

मग दुसऱ्यांदा केलं. कुकर लहान, डबा घट्ट, कडेनं बोट शिरेना. सांडशीनं ओढला, डबा कलंडला, धोंडस पाण्यात बसलं. त्याची खीर झाली, आणि खीरही धड नाही.

मग तिसऱ्यांदा केलं. झाकणाचं पाणी वरून ठिबकलं, मधे डबकं झालं. वेणूनं सुरी खुपसली, बूड ठोकलं, डबा आपटला. ताटात नुसता चुरा पडला. मग ती कुकरापुढे बसून रडली. म्हणाली, "माझं तेही घर गेलं, हेही मेलं साधेना."

तेवढ्यात दाराशी एक म्हातारी आली. डोईवर पदर, हातात काठी. म्हणाली, "बाई, काही खायला दे." वेणू ओरडली, "काय देऊ? चुरा आहे चुरा!" मग जीभ चावली. वाटीत चुरा घेतला, वर तूप सोडलं, हातात दिला. म्हातारी ओट्यावर बसली, बोटं चाटून खाल्लं. म्हणाली, "चवीला काही झालं नाही. करणारीला घाई आहे. तुला निवाईचा वसा सांगते. उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

वेणू म्हणाली, "आजी, उतायला मी काय दूध आहे?"

म्हातारी म्हणाली, "दुधाला निदान फुंकर तरी पुरते. ऐक. डब्याला आतून तूप लाव, बुडाशी केळीचं पान घाल. जुन्या सुती लुगड्याची रुंद पट्टी घे, घडी घाल, डब्याखालून घे, दोन्ही टोकं वर आण. डब्याला झोळी झाली. डब्यावर ताटली झाक, म्हणजे पाणी ठिबकायचं नाही. शिजलं की वीज बंद कर, झाकण काढ, झोळीची टोकं हाताला सोसवली की धर आणि डबा सरळ वर उचल. मग खाली ठेव आणि गप बैस. डबा निवून हाताला कोमट लागेतो तोंड उघडायचं नाही. तोंड उघडलं की तुझा हात धावतो. निवला की कडेनं सुरी फिरव, वर ताट धर, उलट. ठोकायचं नाही, हलवायचं नाही. ते आपण होऊन उतरतं."

वेणू म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." वर पाहिलं तर ओटा रिकामा. वाटी तेवढी होती, घासल्यासारखी लख्ख. म्हातारी कोण होती, ते तुम्हां बायांना काय सांगायचं!

मग गौरी आल्या. जेवणाचा दिवस उजाडला. वेणूनं तूप लावलं, पान घातलं, झोळी केली, ताटली झाकली. धोंडस शिजलं. वीज बंद केली, डबा झोळीनं उचलला, खाली ठेवला, समोर गप बसली.

मग शेजारची चंपूताई आली. म्हणाली, "ऐकलंस का? तुझी जाऊ म्हणत होती, वेणू कुठली येते! तिला का धोंडस जमणार!" वेणूची कानशिलं तापली, शब्द ओठांशी आला. डब्याला हात लावला, डबा कढत. तिनं शब्द गिळला. चंपूताईला उत्तर मिळेना, चहाही मिळेना. ती गेली.

मग लेक आली. म्हणाली, "आई, भूक लागली. उलट ना." वेणूनं तिला मांडीवर घेतलं. डब्याला हात लावला, डबा गरम. ती गप राहिली.

मग नवरा आला. म्हणाला, "अगं, तिकडे आरती सुरू झाली. वेळ टळली तर आई उंबऱ्यात उभं करणार नाही. उलट की आता!" घंटा ऐकू येत होती. वेणूनं डब्याला हात लावला, अजून ऊन होता. डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. आरती संपली, घंटा थांबली, तेव्हा डबा कोमट झाला. तिनं सुरी फिरवली, ताट धरलं, उलटलं. धोंडस अलगद उतरलं. पान सोललं, खाली तांबूस, सबंध, कुठं चीर नाही.

मग ताट घेतलं, बोळ ओलांडला, घरी गेली. सासू उंबऱ्याशी उभी होती. म्हणाली, "आरती झाली. आता आलीस?"

वेणू म्हणाली, "सासूबाई, उशीर झाला. पण सबंध आणलंय."

सासूनं धोंडस चहूबाजूंनी पाहिलं. खालून पाहिलं, वरून पाहिलं. मग म्हणाली, "आरती झाली, पण नैवेद्य झाला नाही. दाखवायचा काय? आत जा आणि बघ."

वेणू आत गेली. द्वारका भिंतीशी बसली होती. पुढ्यात ताट होतं, त्यावर केळीचं पान झाकलं होतं. वेणूनं पान उचललं. खाली धोंडसाचे तुकडेच तुकडे. द्वारका म्हणाली, "दरसाल तू भांडं धरायचीस, मी ताट. यंदा एकटीच्या हातून निसटलं."

आता बायांनो, खरं सांगा, तुमच्यापैकी कितीजणी गप बसल्या असत्या? वेणूचा डबा निवला होता, वसा पुरा झाला होता, बोलायला मोकळी होती. तिनं आपलं सबंध ताट सासूच्या हाती दिलं. सासूनं ते गौरीपुढे ठेवलं, नैवेद्य दाखवला. मग वेणू द्वारकेपुढे मांडी घालून बसली, तिच्या ताटातला एक तुकडा उचलला, म्हणाली, "वहिनी, तुमच्या घरचे तुकडे मोडायला आल्ये. ठेवून घ्याल का?"

द्वारकेनं तिचा हात धरला. म्हणाली, "अगं, जरा गूळ कमी पडलाय, सांभाळून घे." मग दोघी हसल्या, मग दोघी रडल्या. सासू बाहेरून ओरडली, "पानं कोण वाढणार, गौरी?"

तशी निवाई वेणूला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कुकरातलं सबंध बाहेर येवो, तोंडातलं निवून बाहेर येवो, दोन जावांची चूल एक राहो. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचा उत्तरीं निवली, ताटांत सबंध उतरली.